त्रिनिदादच्या एका घराण्याची गोष्ट कशी लिहावी: कोको, कार्निव्हल आणि वारसाहक्क

समुद्राने वेढलेले बेट, त्यावर एक मोठे घर, घरातली श्रीमंती आणि त्या श्रीमंतीला न जुमानणारे प्रेम, असा आराखडा मनात धरून तीन-चार पिढ्यांची कादंबरी लिहू पाहणाऱ्यांची हस्तलिखिते मी बरीच वाचली आहेत. त्यांतल्या बहुतेकांत एकच उणीव आढळते. पात्रे उंची कपडे घालतात, मेजवान्या देतात, मध्यरात्री गच्चीवर भेटतात. परंतु हा पैसा कोठून येतो, घर कोणाच्या नावावर आहे आणि मालक गेल्यावर ते कोणाकडे जाणार, याचा पत्ता पानोपानी शोधूनही लागत नाही. त्यामुळे नायिकेने प्रेमापायी घर सोडले तरी तिने नेमके काय सोडले हे वाचकाला कळत नाही, आणि त्याचे डोळे कोरडेच राहतात. म्हणून या लेखात मी क्रम उलटा ठेवला आहे: आधी जमीन, घर आणि कायदा, नंतर प्रेम, आणि शेवटी झगमगाट.

पहिली पायरी: एकच बेट निवडावे

‘कॅरिबियन बेट’ असे सर्वसाधारण ठिकाण अस्तित्वात नाही. बार्बाडोस १६२७ पासून १९६६ पर्यंत अखंड इंग्रजांकडे होते आणि तेथे ऊस हेच सर्वस्व होते. क्यूबा स्पॅनिशभाषिक आहे आणि १९५९ च्या क्रांतीने तेथील प्रत्येक श्रीमंत घराण्याची गोष्ट मधोमध तुटते. मार्टिनिकमध्ये १९०२ साली ज्वालामुखीने सेंट-पियेर हे शहर काही मिनिटांत नष्ट केले. बेट बदलले की भाषा, धर्म, पीक आणि वारशाचे नियम बदलतात. काल्पनिक नावाचे बेट रचून यातून सुटका होत नाही, कारण मग हे सारे लेखकाला स्वतःच रचावे लागते आणि ते सहसा पर्यटन कंपनीच्या पत्रकासारखे दिसू लागते.

मी त्रिनिदाद सुचवते. स्पॅनिश सत्ता, फ्रेंच मळेवाले, इंग्रज प्रशासन, आफ्रिकी गुलामांचे वंशज आणि भारतातून नेलेले गिरमिटिये (करारबद्ध मजूर), हे सारे दोन-चार मैलांच्या अंतरात राहत असल्याने एका लग्नाने दोन घरेच नव्हे, तर दोन खंड एकमेकांना भिडू शकतात. शिवाय हे बेट नेहमीच्या चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्यामुळे, कथा अडली की वादळ आणून सोडवण्याची सोय लेखकाला राहत नाही, आणि माझ्या मते हा फायदाच आहे.

दुसरी पायरी: घर आणि पैसा

पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीत क्वीन्स पार्क सवाना नावाचे सुमारे २६० एकरांचे मैदान आहे. त्याच्या पश्चिम कडेला ओळीने उभ्या असलेल्या सात भव्य वास्तू ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ या नावाने ओळखल्या जातात आणि त्यांतल्या बऱ्याचशा १९०४ च्या आसपास बांधल्या गेल्या. कादंबरीतल्या घरासाठी यांचा अभ्यास करावा, कारण त्यांच्या भिंतींत त्या काळचा कोकोचा पैसा आहे. ‘व्हाइट हॉल’ एका कोको-मळेवाल्याने बार्बाडोसहून आणलेल्या प्रवाळाच्या दगडात बांधला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन सैन्याने वापरला आणि स्वातंत्र्यानंतर तेथे पंतप्रधानांचे कार्यालय आले. त्याच रांगेतील आंबार्ड कुटुंबाचे फ्रेंच धाटणीचे घर गहाण फेडता न आल्यामुळे त्यांच्या हातून गेले, आणि १९४० साली ते टिमथी रूडल या भारतीय वंशाच्या राजकारण्याने विकत घेतले. एका घराच्या मालकीच्या नोंदीत किती कादंबरी दडलेली असते, हे यावरून ध्यानात यावे. या खऱ्या कुटुंबांना कथेत ओढू नये. आपले घर काल्पनिकच ठेवावे. त्याची चढउतार मात्र अशी खरी असावी.

सवानाबद्दल आणखी एक गोष्ट. ही जमीन सरकारने १८१७ साली पेशिये नावाच्या मळेवाल्या कुटुंबाकडून घेतली, पण त्या कुटुंबाची स्मशानभूमी त्यातून वगळण्यात आली. आजही त्या सार्वजनिक मैदानाच्या मध्यभागी भिंतीने वेढलेले एका घराण्याचे खासगी दफनस्थान आहे. आजूबाजूला मुले क्रिकेट खेळतात, नारळपाणी विकले जाते, कार्निव्हलची मिरवणूक जाते. कुटुंबकथेच्या लेखकाला यापेक्षा बोलके दृश्य कोणते मिळणार?

आता पैशाचा उगम. आपल्या घराण्याला पहिली जमीन कशी मिळाली हे ठरवताना १७८३ चा स्पॅनिश जाहीरनामा वाचावा. त्यानुसार बेटावर वस्तीला येणाऱ्या कॅथलिक मळेवाल्यांना कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे जमीन मिळत असे आणि सोबत आणलेल्या प्रत्येक गुलामामागे तिच्या निम्मी. म्हणजे गुलाम जितके जास्त, तितका मळा मोठा. मुक्त मिश्रवर्णीयांनाही जमीन मिळे, परंतु गोऱ्यांच्या निम्म्याने. घराण्याच्या पहिल्याच दस्तऐवजात माणसांची अशी मोजदाद झालेली आहे, आणि पुढच्या पिढ्यांनी ती कितीही लपवली तरी ती कादंबरीत कोठेतरी वर आली पाहिजे.

कोकोचे काम लेखकाला हाताने केल्यासारखे ठाऊक हवे. कोकोचे फळ फणसासारखे थेट खोडावर लागते. ते कोयत्याने फोडले की आत पांढऱ्या, आंबटगोड गरात गुंडाळलेल्या बिया दिसतात. या बिया सुमारे आठवडाभर लाकडी पेट्यांत आंबवतात. त्या दिवसांत सगळ्या आवारात शिरक्यासारखा वास भरून राहतो. मग त्या उंचावरच्या लाकडी फळ्यांवर वाळत घालतात. या वाळवणघराचे छप्पर रुळांवर सरकणारे असते. उन्हाला ते बाजूला ढकलायचे आणि पावसाचा पहिला थेंब पडताच धावत जाऊन ओढून घ्यायचे. वाळलेल्या बियांना चकाकी यावी म्हणून त्यांवर किंचित पाणी शिंपडून मजूर अनवाणी पायांनी त्या घोळवीत. या कामाला तेथे ‘कोको नाचवणे’ असेच म्हणत.

समजा, मालकाची मुलगी घोड्यावरून उतरून वाळवणघराच्या पायरीशी उभी आहे. वर दहा-बारा माणसे एका लयीत पाय घासत आहेत. त्यांतल्या एका तरुणाच्या पोटऱ्यांपर्यंत तांबूस धूळ चढलेली आहे. एवढ्यात आभाळ भरून येते, कोणीतरी ओरडतो, सगळे छपराकडे धावतात, आणि तीही हात लावते. एका मिनिटात छप्पर बंद होते. आत अंधार, आंबूस वास आणि पत्र्यावर पावसाचा आवाज. मेजवानीत झालेल्या ओळखीपेक्षा ही ओळख वाचक जन्मभर विसरणार नाही, कारण त्या मिनिटात दोघांनी मिळून तिच्या बापाचा माल वाचवलेला आहे.

तिसरी पायरी: कालपट आणि वंशावळ एकाच कागदावर

मोठ्या कागदावर डाव्या बाजूला साले लिहावीत आणि उजवीकडे प्रत्येक पात्राचे त्या साली वय. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, कारण बेटाच्या इतिहासातील वळणे पात्रांच्या वयाशी जुळली की निम्मे कथानक आपोआप उलगडते.

१ ऑगस्ट १८३८ रोजी गुलामांची उमेदवारीही (गुलामगिरी रद्द झाल्यावर लादलेली सक्तीची मजुरी) संपून ते पूर्ण मुक्त झाले. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सुमारे सव्वादोनशे भारतीय मजूर घेऊन आले आणि १९१७ पर्यंत अशा रीतीने सुमारे १ लाख ४४ हजार माणसे येथे आणली गेली. १८७० ते १९२० हा कोकोच्या भरभराटीचा काळ. १९२०–२१ मध्ये भाव कोसळले आणि १९२८ मध्ये ‘चेटकिणीचा झाडू’ या नावाचा बुरशीजन्य रोग आला, ज्यात फांद्यांना झाडूसारखे निरुपयोगी फुटवे येतात. १९३७ साली तेलक्षेत्रातील मजुरांचा उठाव झाला. १९४० च्या ब्रिटन-अमेरिका करारानंतर शागुआरामास येथे अमेरिकन नौदलाचा तळ उभा राहिला आणि मळ्यावरची माणसे जास्त मजुरीसाठी तिकडे गेली. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी स्वातंत्र्य, १९७० मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांची चळवळ आणि आणीबाणी, १९७३ नंतर तेलाच्या भावामुळे आलेली सुबत्ता.

यावरून चार पिढ्या बसवून पाहाव्यात. १८७० साली जन्मलेला पणजोबा चौतिसाव्या वर्षी सवानासमोर घर बांधतो. त्याचा १८९८ चा मुलगा बाविसाव्या वर्षी कर्जाचे कागद पाहतो. १९२३ ची नात तळ उभा राहतो तेव्हा ऐन अठरा-एकोणीस वर्षांची असते. तिची मुलगी १९७० मध्ये विद्यापीठात आहे आणि आईने जन्मभर जे लपवले ते उघड बोलू पाहते. यांतल्या कोणाचेही जन्मसाल पाच वर्षांनी हलवले तर कादंबरी वेगळी होईल.

चौथी पायरी: प्रेमासमोर कायदा उभा करावा

माझ्या मते या प्रकारच्या लेखनात सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक फलदायी भाग हाच आहे.

त्रिनिदादमध्ये हिंदू पद्धतीने लावलेल्या लग्नांना १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कायदेशीर मान्यता नव्हती. मुस्लिम विवाहांना ती १९३० च्या दशकात मिळाली. सरकारदरबारी वेगळी नोंद केली नसेल तर मंडपात, अग्नीसमोर, गावाच्या साक्षीने झालेले लग्न कायद्याच्या दृष्टीने झालेलेच नव्हते आणि त्यातून झालेली मुले अनौरस ठरत. मृत्युपत्र न करता बाप गेला तर त्याच्या जमिनीवर बायको-मुलांचा हक्क सांगणे अवघड होई. आता ही जमीन कोणती याचा विचार करावा. १८६९ पासून काही वर्षे गिरमिटियांना भारतात परतण्याच्या फुकट प्रवासाच्या बदल्यात दहा एकर सरकारी जमीन दिली गेली. म्हणजे ज्या दहा एकरांसाठी आजाने मायदेश कायमचा सोडला, ती जमीन त्याच्या नातवाकडे राहील की नाही हे एका नोंदवहीतील ओळीवर अवलंबून आहे. अशा घरातील मुलगा ख्रिस्ती शाळेत शिकून चर्चमध्ये लग्न करायला तयार होतो, तेव्हा त्याची आजी केवळ धर्मासाठी रडत नाही. तिचे स्वतःचे लग्न खोटे होते असे नातू सांगतो आहे, असे तिला वाटते. कॅनडाहून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८६८ पासून भारतीयांसाठी शाळा काढल्या होत्या, आणि शिक्षकाची नोकरी व बाप्तिस्मा यांचे नाते अनेक घरांत असे उंबऱ्याच्या आत आले.

दुसऱ्या बाजूला मळेवाल्यांच्या घरातही एक न बोललेली वंशावळ असे. लग्नाबाहेर झालेल्या मुलाला तेथे ‘बाहेरचे मूल’ म्हणतात. त्याचा बाप कोण हे साऱ्या गावाला माहीत असे, रविवारी प्रार्थनेला ते मूल त्याच चर्चमध्ये मागच्या बाकावर बसे, आणि तरीही औरस व अनौरस हा भेद कायद्याने मिटवायला १९८१ साल उजाडावे लागले. आपल्या कादंबरीत असे एक मूल अवश्य असावे आणि ते केवळ सूड घेण्यासाठी परत येऊ नये. त्याला धंद्याची जाण असावी, वडिलांचे नाक-डोळे असावेत, आणि घर लिलावात निघाले की ते विकत घेण्याची ऐपत त्याच्याकडेच असावी.

आफ्रिकी आणि भारतीय वंशाच्या जोडप्याची संतती हा आणखी नाजूक विषय. अशा मुलाला त्रिनिदादमध्ये ‘डगला’ म्हणतात. मूळ हिंदी शब्द ‘दोगला’ आणि त्यातली शिवी मराठी कानाला लगेच कळते. तेथे आज अनेक जण हा शब्द स्वतःची ओळख म्हणून सहज वापरतात. कोणते पात्र, कोणत्या दशकात, कोणत्या सुरात तो उच्चारते, हे प्रत्येक वेळी थांबून ठरवावे.

पाचवी पायरी: झगमगाट

त्रिनिदादचा झगमगाट कार्निव्हलमध्ये एकवटतो. राखेच्या बुधवारच्या (ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीचे सोमवार-मंगळवार हे त्याचे दिवस. सोमवारी पहाटे, अंधारातच, ‘जुव्हे’ सुरू होते: अंगाला चिखल, रंग, तेल किंवा काकवी फासलेली माणसे ढोल-पत्र्यांच्या आवाजात रस्त्यावर उतरतात. मंगळवारी पिसे, मणी आणि टिकल्यांच्या पोशाखांत मोठमोठे जथे सवानाच्या मंचावरून जातात. दोन्ही दिवस लिहावेत. ज्या लेखकाने फक्त मंगळवार लिहिला, त्याने अर्धाच सण पाहिला.

कुटुंबकथेच्या दृष्टीने मात्र कार्निव्हलची सौंदर्यराणी ही स्पर्धा अधिक उपयोगी आहे. महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ कार्निव्हल बंद होता. तो पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत या स्पर्धेला मोठा मान आला आणि मुकुट बहुतेक वेळा गोऱ्या किंवा अगदी उजळ वर्णाच्या मुलीच्या डोक्यावर गेला. राणीला महागड्या वस्तू मिळत, तर ज्या गायकांच्या कॅलिप्सोवर (तेथील लोकप्रिय गाण्यांवर) सारे बेट नाचे त्यांच्यातील विजेत्याला किरकोळ रक्कम. १९५६ चा विजेता माइटी स्पॅरो याने पुढच्या वर्षी याच कारणावरून बहिष्काराचा पवित्रा घेतला. आणि १९७७ मध्ये त्रिनिदादच्या जॅनेल कमिसिआँग या मिस युनिव्हर्स झाल्या, तो मान मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री म्हणून. १९४७ मध्ये राणी झालेली उजळ आजी आणि १९७७ मध्ये दूरदर्शनच्या पडद्यासमोर बसलेली तिची सावळी नात, या दोघींना एका खोलीत बसवले की संवाद फारसे लिहावे लागत नाहीत.

मराठी वाचकासाठी आणखी एक प्रसंग खुणावतो. मार्च १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले. मडगावचे दिलीप सरदेसाई यांनी त्यात ११२ धावा केल्या आणि पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांनी ६५ व नाबाद ६७. प्रेक्षकांत भारतीय वंशाचे त्रिनिदादवासी मोठ्या संख्येने होते, आणि कोणासाठी टाळ्या वाजवाव्यात हा प्रश्न एकाच बाकावर बसलेल्या बाप-लेकांना वेगवेगळा पडू शकत होता. आदल्याच वर्षी बेटाने आणीबाणी पाहिली होती. पुढे गावसकरांवर तेथे कॅलिप्सोही रचली गेली. हा सामना मराठी अभिमानासाठी न लिहिता त्या बाकावरच्या कुटुंबासाठी लिहावा.

येथेच एक सावधगिरी सांगते. ‘रत्नागिरीहून आलेला गिरमिटिया’ असे पात्र त्रिनिदादमध्ये घालण्याचा मोह होतो. कोकणातून मुंबईमार्गे गेलेले मराठी मजूर मॉरिशसला वसले. त्रिनिदादची जहाजे प्रामुख्याने कलकत्त्याहून आणि काही मद्रासहून निघत, आणि बहुतेक माणसे आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधील होती. मराठी घराण्याची गोष्ट हवी असेल तर मॉरिशसची कादंबरी लिहावी. तीही कोणीतरी लिहायलाच हवी.

सहावी पायरी: भाषा

पात्रे इंग्रजी क्रिओल, जुनी फ्रेंच पातवा, स्पॅनिश किंवा भोजपुरी बोलतात आणि आपण मराठीत लिहितो. आफ्रिकी मजुराच्या तोंडी मालवणी किंवा भोजपुरी आजीच्या तोंडी वऱ्हाडी घालू नये; ती बोली लगेच आपापले गाव सोबत घेऊन येते आणि वाचक कोकोच्या मळ्यातून थेट आपल्या घाटावर किंवा बांधावर पोहोचतो. साधी, बोलकी प्रमाण मराठी वापरावी आणि फरक वाक्याच्या लांबीने, तोडण्याने व संबोधनाने दाखवावा. इंग्रजीत नसलेले एक हत्यार आपल्याकडे आहे: तू, तुम्ही आणि आपण. मालकाची मुलगी वाळवणघरातल्या तरुणाला कोणत्या प्रकरणात ‘तू’ म्हणते, तो तिला ‘तुम्ही’ म्हणणे कधी सोडतो, आणि भांडणात तो मुद्दाम ‘तुम्ही’वर कधी परततो, याची नोंद मी वेगळ्या वहीत ठेवण्याचा आग्रह धरते. एवढ्या तीन शब्दांवर प्रेमकथेचा सगळा चढउतार पेलता येतो.

नात्यांचे शब्द मूळचेच ठेवावेत. तेथील भारतीय घरांत वडिलांच्या आई-वडिलांना ‘आजी’ आणि ‘आजा’ म्हणतात, आईच्या आई-वडिलांना ‘नानी’ आणि ‘नाना’. आपण दोन्हीकडे ‘आजी’ म्हणतो, त्यामुळे येथे जपून लिहावे. नाहीतर वारस कोणत्या बाजूचा हेच वाचकाला कळणार नाही. आडनावांचेही तसेच. गिरमिटियाच्या पासावर बहुधा एकच नाव असे आणि पुढे तेच नातवंडांचे आडनाव झाले.

स्थानिक शब्द तीन-चारच घ्यावेत आणि ते प्रसंगातून समजतील असे पेरावेत. ‘लाइम’ म्हणजे मित्रांसोबत निवांत वेळ घालवणे. ‘माको’ म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणारा. ‘टबांका’ म्हणजे प्रेम तुटल्यावर येणारी ती अवस्था, ज्यात माणूस जेवत नाही, कामावर जात नाही आणि तिच्या गल्लीतून उगाच फेऱ्या मारतो. हा शब्द कळल्यापासून मला त्याला मराठी प्रतिशब्द सापडलेला नाही, आणि तो शोधूही नये असे वाटते.

निसर्गासाठी ताड आणि वाळू यांपलीकडे जावे. कोको सावलीत वाढतो. त्यावर उंच ‘इमॉर्टेल’ची झाडे लावतात आणि कोरड्या ऋतूत त्यांच्या नारिंगी फुलांनी डोंगर पेटल्यासारखे दिसतात. गुलाबी ‘पुई’चा बहर पाहण्यासाठी तर समुद्र ओलांडायचीही गरज नाही: विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेने उन्हाळ्याच्या तोंडावर फुलणारा टॅबेबुया म्हणजे तेच झाड.

सातवी पायरी: बांधणी आणि शेवटची तपासणी

चार पिढ्या ओळीने सांगण्याऐवजी घराच्या चार व्यवहारांभोवती चार भाग रचावेत: बांधकाम, गहाण, सैन्याने घेतलेला ताबा आणि विक्री. प्रत्येक भागात एकाच व्यक्तीच्या नजरेतून लिहावे आणि ती व्यक्ती शक्यतो घराची मालक नसावी. स्वयंपाकीण, ‘बाहेरचे मूल’, दुसऱ्या वर्णाची सून, हिशेबनीस, यांना जास्त दिसते.

पहिला खर्डा पूर्ण झाला की तो काही आठवडे बाजूला ठेवावा. मग लाल पेन्सिल घेऊन प्रत्येक प्रकरणाच्या समासात तीन गोष्टी लिहाव्यात: त्या दिवशी घर कोणाच्या नावावर आहे, घरखर्चाचा पैसा कोठून येतो आहे, आणि या प्रकरणात प्रेम करणाऱ्या दोघांचे लग्न त्या वर्षीच्या कायद्यात बसते का. ज्या प्रकरणासमोर या तिन्ही नोंदी करता येत नाहीत, ते प्रकरण कितीही सुंदर वठलेले असले तरी पुन्हा लिहायला घ्यावे.